‘दरवर्षी’ आणि ‘यंदा’ : परसातील निसर्ग आणि ऋतुलेखनाचा काळ

१

मराठीत ‘काळ’ हा एकच शब्द दोन कामे करतो. पंचांगात मोजला जातो तोही काळ, आणि क्रियापदाच्या रूपावरून ओळखला जातो तोही काळच. ऋतूंविषयीच्या ललित गद्याचा विचार करताना हा योगायोग बराच उपयोगी पडतो. घराच्या परसात, अंगणात अथवा खिडकीसमोर वर्षभर जे घडते ते सांगताना लेखक क्रियापदाचा कोणता काळ योजतो, यावरून त्याने प्रत्यक्ष काय पाहिले आणि काय केवळ गृहीत धरले याचा बराचसा निर्णय करता येतो. अशा लेखनातील रंग, गंध, प्रतिमा आणि उत्कटता यांची दखल वाचक सहज घेतो. वाक्य कोणत्या काळात उभे आहे, इकडे मात्र त्याचे लक्ष क्वचितच जाते.

या दृष्टीने दोन ग्रंथ एकत्र ठेवून पाहण्यासारखे आहेत. पहिला हेन्री डेव्हिड थोरो याचा १८५४ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘वॉल्डन’ आणि दुसरा दुर्गा भागवत यांचा १९५६ मधील ‘ऋतुचक्र’. ही जोडी मनाने जुळविलेली नव्हे. ‘ऋतुचक्र’ लिहिणाऱ्या लेखिकेनेच पुढे ‘वॉल्डनकाठी विचारविहार’ या नावाने थोरोचा ग्रंथ मराठीत आणला. दोन्ही ग्रंथांची मांडणी वर्षाच्या फेऱ्यावर बेतलेली आहे. निसर्गाचा आनंद घेण्यासाठी फार दूर जावे लागत नाही, फार काही जवळ असावेही लागत नाही. मात्र एका जागी टिकून पाहावे लागते, हा विश्वास दोहोंच्या मुळाशी आहे.

या लेखनाचे अरण्यलेखनाशी असलेले अंतर आरंभीच स्पष्ट करावयास हवे. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘नागझिरा’सारख्या पुस्तकात लेखक रानात जातो, काही दिवस राहतो आणि परततो. तेथे घडणारी गोष्ट ‘घडली’ या रूपातच सांगावी लागते. परसातला माणूस मात्र कोठे जात नाही. तेच झाड तो पुनःपुन्हा पाहतो. किंबहुना पुष्कळदा पाहतो म्हणूनच ते त्याचे होते. म्हणजे परसातील निसर्गाचे लेखन हे स्वभावतःच पुनरावृत्तीचे लेखन होय, आणि पुनरावृत्तीचे व्याकरण साध्या भूतकाळाचे नसून रीतिकाळाचे असते. या लेखनाचे सौंदर्य तेथूनच निघते आणि त्यातील धोकाही तेथूनच निघतो.

२

‘बहावा वैशाखात बहरतो’, ‘बहावा बहरला’ आणि ‘बहावा वैशाखात बहरे’ ही तीन वाक्ये घ्यावीत. पहिल्यातील वर्तमानकाळ बोलण्याच्या क्षणाचा नाही. हे वाक्य भर पौषातही उच्चारता येते आणि तरीही ते खोटे ठरत नाही. मराठी व्याकरणात याला रीतिवर्तमान म्हणतात. दुसरे वाक्य एका घटनेविषयी आहे. ते उच्चारणाऱ्याने फूल पाहिले असले पाहिजे, निदान पाहणाऱ्याकडून ऐकले असले पाहिजे. तिसरे रीतिभूताचे. एके काळी असे घडत असे आणि सांगणारा आता त्या काळाच्या बाहेर उभा आहे, असे ते सुचविते. स्मरणरंजनाचे बरेचसे लेखन या ‘येई, जाई, बहरे’च्या रूपांवर उभे असते.

पहिल्या आणि दुसऱ्या वाक्यांत जबाबदारीचा मोठा भेद आहे. ‘बहरला’ म्हणणारा साक्षीदार असतो. त्याला ‘केव्हा?’ असे विचारता येते आणि त्याचे म्हणणे तपासता येते. ‘बहरतो’ म्हणणाऱ्याला तसे विचारता येत नाही, कारण त्याचे वाक्य एका अपवादाने मोडत नाही. ते सर्वांचे ज्ञान असते आणि म्हणूनच कोणाचीही साक्ष नसते. ज्याने बहावा कधी पाहिलेला नाही, तोही ते निर्धास्तपणे लिहू शकतो.

परंतु झाडाच्या सहवासात राहणारा माणूस बोलताना या दोन रूपांची गाठ घालीत असतो, हे लक्षात घेण्यासारखे आहे. ‘एव्हाना बहावा बहरावयास हवा होता, यंदा अजून बहरला नाही,’ असे तो म्हणतो. या एका वाक्यात दरवर्षीची रीत आहे, या वर्षीची घटना आहे, आणि दोहोंमधील अंतर जाणवल्याची खूणही आहे. ‘एव्हाना’, ‘अजून’ आणि ‘यंदा’ ही तीन साधी अव्यये हे काम करतात. न फुललेल्या फुलाविषयी बोलणे केवळ त्यालाच शक्य आहे, जो रोज पाहत आला आहे. परसातील निसर्गाचा आनंद म्हणतात तो बऱ्याच अंशी या वाटेकडे डोळे लावून बसण्याचा आनंद होय. ऋतुलेखनाचे सर्वांत लहान पण पूर्ण असे वाक्य हेच मानावयास हवे. एखाद्या ग्रंथात ‘दरवर्षी’ला ‘यंदा’ची जोड कितपत मिळाली आहे, ही त्या ग्रंथाची कसोटी ठरते.

३

थोरो ४ जुलै १८४५ रोजी मॅसॅच्युसेट्समधील काँकॉर्ड गावाजवळच्या वॉल्डन तळ्याकाठी राहावयास गेला आणि ६ सप्टेंबर १८४७ रोजी तेथून निघाला. हा वनवास नव्हता. जागा त्याचा स्नेही इमर्सन याच्या मालकीची होती. गाव चालण्याच्या अंतरावर होते, तळ्याच्या कडेने रेल्वे जात होती, आणि हिवाळ्यात त्याच तळ्याचा बर्फ व्यापाऱ्यांची माणसे कापून नेत. तो बर्फ वितळून मद्रास, मुंबई, कलकत्ता येथील लोकांच्या तोंडी जाईल, अशी कल्पनाही त्याने केली आहे. तेव्हा वॉल्डनला अरण्य म्हणण्यापेक्षा काँकॉर्डचे परसू म्हणणे अधिक यथार्थ होईल.

दोन वर्षांहून अधिक काळाचा अनुभव थोरोने ग्रंथात एका वर्षात आवळला आणि तसे स्वतःच सांगून टाकले. म्हणजे ‘वॉल्डन’मधील वर्ष हे रचलेले वर्ष आहे. उन्हाळ्यापासून निघून पानगळ आणि हिवाळा यांतून वसंताशी येऊन पोचणारा हा फेरा ‘दरवर्षी’चा आहे. रचनेपुरते पाहिले तर थोरोही रीतिकाळाच्याच बाजूचा ठरतो.

मात्र या रचलेल्या वर्षात तो जागोजागी आकडे पेरतो. घर १० फूट रुंद आणि १५ फूट लांब. त्याचा खर्च २८ डॉलर आणि साडेबारा सेंट. घेवड्याचे शेत अडीच एकरांचे. तळ्याची सर्वाधिक खोली १०२ फूट, आणि तीही बर्फावर उभे राहून स्वतः दोरी सोडून मोजलेली. हे आकडे विक्षिप्तपणाचे द्योतक म्हणून हसण्यावारी नेले जाण्याचा संभव आहे. वस्तुतः ते साक्षीचे आकडे आहेत.

याचा सर्वांत बोलका पुरावा वसंताच्या प्रकरणात सापडतो. हे ग्रंथातील सर्वांत उल्हसित प्रकरण. जमीन वितळते, वाळूचे ओघळ वाहू लागतात आणि लेखकाची भाषा जवळजवळ स्तोत्राच्या पातळीवर जाते. याच प्रकरणात तळ्यावरचा बर्फ पूर्ण उघडल्याच्या तारखा एकापाठोपाठ एक दिल्या आहेत : १८४५ मध्ये १ एप्रिल, १८४६ मध्ये २५ मार्च, १८४७ मध्ये ८ एप्रिल, १८५१ मध्ये २८ मार्च, १८५२ मध्ये १८ एप्रिल, १८५३ मध्ये २३ मार्च आणि १८५४ मध्ये सुमारे ७ एप्रिल. यांतील शेवटची चार वर्षे तो तळ्याकाठी राहत नव्हता. घर सोडले तरी पाहणे सुटले नव्हते. रचलेल्या एका वर्षाच्या पोटात ही सात खरी वर्षे उघडी पडतात. सर्वांत लवकरची आणि सर्वांत उशिराची तारीख यांत २६ दिवसांचे अंतर आहे. ‘वसंतात बर्फ वितळतो’ हे रीतिवाक्य या यादीने खोडले जात नाही. त्याला श्वास घेण्यापुरती जागा मिळते. सात ‘यंदा’ मिळून एक ‘दरवर्षी’ कसे सिद्ध होते, हे येथे उघड दिसते.

४

‘ऋतुचक्रा’ची घडण निराळी आहे. ग्रंथाच्या नावात ऋतू आहेत, परंतु मांडणी महिन्यांची आहे. चैत्रापासून फाल्गुनापर्यंत बारा लेख. या निवडीला अर्थ आहे. संस्कृत काव्यपरंपरेचे माप षड्ऋतूंचे. कालिदासाचे ‘ऋतुसंहार’ ग्रीष्मापासून वसंतापर्यंत त्याच मापाने चालते. लोकपरंपरेचे माप मात्र महिन्याचे आहे. व्रते, सण, माहेरपण, पेरणी, वाळवण हे सारे महिन्याच्या नावाने ओळखले जाते, आणि विरहिणीच्या बारमाशी गीतांची परंपराही महिनेच मोजते. संस्कृत वाङ्मय आणि लोकसाहित्य या दोन्हींचा व्यासंग असलेल्या लेखिकेने नाव पहिल्या परंपरेतून आणि मांडणी दुसरीतून घ्यावी, हे तिच्या दृष्टीचे निदर्शक आहे.

परंतु मराठी महिना हे माप निसर्गाच्या बाबतीत किती स्थिर आहे? चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, म्हणजे सौरवर्षाहून जवळजवळ ११ दिवसांनी आखूड. ही तूट साचत जाते आणि सुमारे ३२-३३ महिन्यांनी अधिक मास घेऊन ती भरून काढली जाते. परिणामी चैत्र शुद्ध प्रतिपदा २०१८ मध्ये १८ मार्चला आली आणि २०२१ मध्ये १३ एप्रिलला. येथेही अंतर २६ दिवसांचेच आहे. वॉल्डनच्या बर्फाशी आकडा जुळावा हा निव्वळ योगायोग. कारणे मात्र अगदी उलटी आहेत. तेथे पट्टी स्थिर आहे आणि निसर्ग हलतो. येथे खुद्द पट्टीच हलते. पिंपळाला पालवी फुटते ती अधिक मास विचारून फुटत नाही. ‘चैत्रात पालवी येते’ हे वाक्य म्हणूनच दुहेरी सैल आहे. एक सैलपणा रीतिवर्तमानाचा आणि दुसरा तिथीचा.

शेतकऱ्याला ही अडचण पूर्वीच जाणवली होती, असे भाषाच सांगते. पावसाचा हिशेब त्याने चांद्र महिन्यांवर सोपविला नाही. त्यासाठी त्याने सूर्याची नक्षत्रे धरली. सूर्याचा मृगप्रवेश इंग्रजी कालगणनेच्या ७-८ जूनच्या आसपासच होतो, मग महिना वैशाख असो वा ज्येष्ठ. ‘मृग लागला’, ‘आर्द्रा कोरडी गेली’, ‘हस्त गरजला’ हे वाक्प्रयोग याच गणनेतून निघाले. मराठी माणूस सणासाठी एक दिनमान वापरतो आणि पेरणीसाठी दुसरे. ऋतुलेखन या दोहोंपैकी कोणते माप घेते, यावर ते उत्सवाच्या बाजूने झुकते की शेताच्या, हे ठरते. ‘ऋतुचक्रा’तील महिना हे तारखेचे नाव नाही, सण, घरकाम, ऊन आणि बहर यांच्या एका जुडग्याचे ते नाव आहे. त्या ग्रंथाचे सामर्थ्य यातच आहे आणि मर्यादाही यातच आहे.

मग या ग्रंथात साक्ष कोठे आहे? मांडणी महिन्यांची आहे, सालांची नाही. तेव्हा क्रियापदात आणि कालगणनेत ती शोधून फारशी सापडणार नाही. ती नामांत सापडते. ‘वसंतहृदय चैत्र’ या लेखात पिंपळाच्या पालवीबरोबरच घाणेरीसारख्या कुंपणावरच्या झुडपालाही स्थान मिळाले आहे. घाणेरी ही मूळची अमेरिका खंडातील वनस्पती, भारतात आली ती ब्रिटिश अमदानीत. संस्कृत ऋतुवर्णनाच्या ठरीव यादीत ती असणे शक्यच नाही. शिवाय नावातच दुर्गंध असलेल्या झुडपाला संकेताच्या वाटेने काव्यात कोणी आणणार नाही. ती लेखात येते ती केवळ डोळ्यांच्या वाटेने. क्रियापद सर्वांचे असले तरी नाम एकाच पाहणाऱ्याचे आहे. येथे ‘यंदा’ नामाच्या आड दडलेला आहे, असे म्हणता येईल.

हा भेद ध्यानात घेतला म्हणजे या ग्रंथाच्या छायेत लिहिल्या जाणाऱ्या पुष्कळशा ऋतुलेखांचे दुबळेपण कशात आहे, तेही कळते. त्यांत क्रियापद रीतिवर्तमानाचे असतेच. पण नामेही संकेताचीच असतात. पळस पेटतो, कोकिळ गातो, मोगरा दरवळतो. यांतील एकही विधान असत्य नाही. मात्र एकही विधान पाहिलेले नाही. थोरोची तारीख नाही आणि दुर्गाबाईंची घाणेरीही नाही, अशा लेखाला परसू असण्याचीच गरज उरत नाही. तो मागील लेख वाचून लिहिता येतो.

५

साध्या राहणीचा प्रश्न याच विवेचनाला जोडून येतो. ऋतूंचा आनंद आणि साधी राहणी यांचा उल्लेख बहुधा जोडीने केला जातो, जणू एक असले की दुसरे आपोआप येते. परंतु या दोहोंना जोडणारा दुवा कोणता? भाषेच्या अंगाने उत्तर असे की साध्या राहणीत ऋतू केवळ वर्णनाचा विषय राहत नाही. तो विध्यर्थात बोलू लागतो. ‘मृगाआधी घर शाकारावयास हवे.’ ‘वळीव येण्यापूर्वी कुरडया वाळावयास हव्यात.’ ‘लाकडे आत घ्यावयास हवीत.’ कोकणात पावसाळ्यापूर्वीच्या या तयारीला आणि साठवणीला ‘आगोट’ असा स्वतंत्र शब्दच आहे. वाळवण, बेगमी, शाकारणी, उघडीप, झड, पागोळ्या हे शब्द ऋतूचे खरे, पण ते काढले आहेत राबणाऱ्या हातांनी. पावसाची उघडीप ज्याच्या दृष्टीने कपडे वाळविण्याची संधी आहे, त्याला ‘उघडीप’ हा शब्द लागतो. इतरांना तो अडत नाही.

साध्या राहणीचा अर्थ वस्तू कमी असणे एवढाच नव्हे. ऋतूने आज्ञा करावी आणि ती पाळावी लागावी, इतके त्याच्या जवळ असणे हा त्याचा अर्थ होय. ‘वॉल्डन’मध्ये हा विध्यर्थ स्पष्ट आहे. हिवाळ्यापूर्वी धुराडे बांधावे लागते, भिंतींना गिलावा करावा लागतो, घेवड्याच्या ओळी खुरपाव्या लागतात. जमाखर्चाचे आकडे या आज्ञापालनाचीच नोंद आहेत. अर्थात् थोरोचे साधेपण निवडलेले होते, आणि ते केव्हाही सोडून देण्याची त्याला मुभा होती, हा आक्षेप अगदीच टाकाऊ नाही. घराघरांतील वाळवणाचे साधेपण पुष्कळदा निवडलेले नसते. ज्या बाईला उन्हात बसून ते राखावे लागते, तिने त्या उन्हाचा आनंद घेतला की नाही, हे ऋतुलेखन क्वचितच विचारते. अंगणात पडलेल्या पानांचा सडा सुंदर दिसतो, असे लिहिणाऱ्या लेखात तो झाडणारे माणूस आढळत नाही. विध्यर्थ वगळून केवळ रीतिवर्तमान ठेवल्याचा हा परिणाम आहे. श्रमाचे क्रियापद गळले की उरते ते नुसते दृश्य.

६

या विवेचनाला आज एक निकडीचे कारण आहे. रीतिवर्तमान ज्या विश्वासावर उभा असतो, तो विश्वासच आता डळमळला आहे. ‘मान्सून अमुक तारखेस परततो’ हे शासकीय भाषेतील रीतिवाक्यही बदलावे लागले. भारतीय हवामानशास्त्र विभागाने २०२० मध्ये मोसमी पावसाच्या आगमनाच्या आणि माघारीच्या सर्वसाधारण तारखा नव्याने ठरविल्या, तेव्हा मुंबईतून पाऊस परतण्याची तारीख २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबरवर गेली. हवामानखात्याने आपली ‘रीत’ सुधारून घेतली. ललित लेखनातील रीतिवाक्ये मात्र होती तेथेच आहेत.

थोरोच्या बाबतीत याच्या उलट घडले. काँकॉर्ड परिसरातील कोणते फूल प्रथम केव्हा उमलले, याच्या त्याने १८५० च्या दशकात केलेल्या नोंदी दीडशे वर्षांनी रिचर्ड प्रायमॅक आणि अब्राहम मिलर-रशिंग या शास्त्रज्ञांनी हाती घेतल्या. आपल्या काळातील निरीक्षणांशी त्यांनी त्या ताडून पाहिल्या. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, तेथील फुले थोरोच्या काळापेक्षा सरासरी सुमारे सात दिवस आधी उमलू लागली आहेत, असे दिसून आले. एका परसातल्या माणसाची ‘यंदा’ची वाक्ये अशा रीतीने पुराव्याला आली. ‘चैत्रात पालवी फुटते’ या वाक्यावरून मात्र पालवी पूर्वीपेक्षा लवकर येते की उशिरा, हे कधीच ठरविता येणार नाही. ते वाक्य बदलाला आंधळे आहे. निसर्ग आमूलाग्र बदलला तरी ते वाक्य सुखाने उच्चारले जात राहील; यातच त्याचा धोका आहे.

यावर असा आक्षेप संभवतो की ललित लेख म्हणजे नोंदवही नव्हे, आणि तारखा घातल्याने लेखनातील आनंद ओसरेल. भारतात ‘सीझनवॉच’सारख्या उपक्रमात नागरिक आणि शाळकरी मुले ठरावीक झाड नेमाने पाहून पालवी, फुले, फळे यांची नोंद करीत असतात, ते काम त्यांचे, साहित्याचे नव्हे, असेही म्हणता येईल. परंतु ‘वॉल्डन’मधील सात तारखा ग्रंथातील सर्वांत आनंदी प्रकरणात आहेत, हे येथे विसरता कामा नये. आनंद आणि अचूकपणा यांचे वैर असते, तर ते तेथेच प्रकट झाले असते. खरे पाहता झाड दरवर्षी ठरल्या दिवशी फुलत असते, तर त्याची वाट पाहण्यात काही रसच उरला नसता. ‘अजून नाही’ या दोन शब्दांत जी हुरहूर आहे, ती तारखेच्या अनिश्चिततेतूनच येते. ज्याला नेहमीची वेळ ठाऊक आहे, त्यालाच उशीर जाणवतो, आणि ज्याला उशीर जाणवला, त्यालाच आगमनाचा आनंद पुरता होतो.

तेव्हा ऋतुलेखनाचे वाचन करताना अभ्यासकाने तीन गोष्टी तपासाव्यात. क्रियापदांत एखादे तरी ‘घडले’ आहे काय, की सारेच ‘घडते’ आहे? नामे लेखकाच्या डोळ्यांतून आली आहेत, की संकेताच्या यादीतून? आणि ऋतूने माणसाकडून करवून घेतलेली कामे वाक्यांत शिल्लक आहेत काय? ‘वॉल्डन’ पहिल्या आणि तिसऱ्या कसोटीला विशेष उतरतो. ‘ऋतुचक्र’ दुसऱ्या कसोटीवर अजोड आहे. आणि महिन्यांचे माप घेऊन त्याने मराठी वर्षाचे जे सांस्कृतिक रूप उभे केले, ते तारखांच्या यादीने कधीच साधले नसते. या दोन ग्रंथांची वाट पुढे चालवू इच्छिणाऱ्या लेखनाने त्यांचा सूर उचलण्यापेक्षा त्यांचे पाहणे उचलणे अगत्याचे आहे. त्यासाठी फार सामग्री लागत नाही. दारचे एक झाड, घरातले एखादे ऋतुसापेक्ष काम आणि सालाचा आकडा एवढे पुरेसे आहे. ‘दरवर्षी’ ही परंपरेची ठेव आहे. ‘यंदा’ ही ज्याची त्याने घालावयाची भर होय.